तातडीचा विभाग, तिथले शिकाऊ डॉक्टर आणि संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंटर्न, एमडीच्या तयारीला बसलेली मुलं, सिस्टर आणि पेशंटचे नातेवाईक, या चौघांकडून वर्षानुवर्षं तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोप्यापासून सुरुवात केली आहे, अडचणीचे शेवटी आहेत. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे दिलं असेल तर तिथला क्रमांक सांगितला आहे.

१. कॅज्युअल्टी आणि इमर्जन्सी मेडिसिन यात फरक काय? नुसती पाटी बदलली का?

बऱ्याच ठिकाणी खरंच नुसती पाटी बदलली आहे. जुन्या कॅज्युअल्टीतला सीएमओ (कॅज्युअल्टीचा मेडिकल ऑफिसर) म्हणजे बहुतेक वेळा वाटाड्या. केस पेपर काढायचा, एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद करायची, हाड मोडलं असेल तर ऑर्थोला आणि पोट दुखत असेल तर सर्जरीला कॉल द्यायचा. कॉलवाला डॉक्टर वरच्या मजल्यावरून खाली येईपर्यंत पेशंट ट्रॉलीवरच असतो. ही वाट बघण्याची वेळ ज्याच्या ताब्यात असते तो इमर्जन्सीचा डॉक्टर. आजाराचं नाव कळायच्या आधीच त्याला काम सुरू करावं लागतं. श्वासनलिका मोकळी आहे का, श्वास चालू आहे का, रक्तदाब टिकतोय का, शुद्ध आहे का, हे आधी बघायचं. निदान मागून येतं. मेडिकल कॉलेजात आपण याच्या उलट क्रमाने शिकलेलो असतो, म्हणून या शाखेला वेगळं प्रशिक्षण लागतं.

२. ही शाखा कधी सुरू झाली? भारतात कधी आली?

इंग्लंडमध्ये लीड्सच्या रुग्णालयात १९५२ मध्ये मॉरिस एलिस यांची कॅज्युअल्टीसाठी पूर्णवेळ कन्सल्टंट म्हणून नेमणूक झाली. अमेरिकेत पहिली रेसिडेन्सी (शिकाऊ डॉक्टरांचं पदव्युत्तर प्रशिक्षण) १९७० मध्ये सिनसिनाटीत सुरू झाली आणि १९७९ मध्ये शाखेला स्वतंत्र मान्यता मिळाली. आपल्याकडे मेडिकल कौन्सिलने ती मान्यता २००९ मध्ये दिली. त्यानंतरचा प्रवास सरळ झालेला नाही. २०२० च्या निकषांत मेडिकल कॉलेजांना हा विभाग सक्तीचा होता, २०२३ च्या निकषांत सक्तीच्या विभागांच्या यादीतून तो वगळला गेला. ज्या दारातून सगळ्यात आजारी माणूस आत येतो तो विभाग ऐच्छिक ठेवणं आम्हाला अजूनही पटलेलं नाही.

३. एमबीबीएसनंतर यात यायचं तर रस्ते कोणते?

नीट पीजी देऊन तीन वर्षांचं एमडी किंवा डीएनबी, हे दोन सरळ रस्ते. खासगी रुग्णालयांच्या फेलोशिपा आणि परदेशी विद्यापीठांशी जोडलेले मास्टर्स अभ्यासक्रमही आहेत. त्यातल्या काहींत शिकवणं उत्तम असतं. मात्र एमडी-डीएनबीसारखी नोंदणी होणारी पदव्युत्तर पदवी त्यातून मिळत नाही, आणि हे प्रवेशाच्या वेळी कोणी मोठ्याने सांगत नाही. फी भरण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारा: ‘ही पदवी मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत जोडता येते का?’ इंटर्नशिपमध्ये तर या विभागाच्या वाट्याला सक्तीचे जेमतेम दोन आठवडे येतात. तेवढ्यात निदान चेहरा बघून ‘हा पेशंट बरा दिसत नाही’ एवढं म्हणता आलं, तरी आठवडे सत्कारणी लागले असं समजा.

४. आम्ही तासभर बसलोय आणि मागून आलेल्याला आत घेतलं. हा काय न्याय?

हा प्रश्न रोज येतो, बहुधा चढ्या आवाजात. इथे नंबर येण्याच्या वेळेवरून लागत नाही, धोक्यावरून लागतो. या पद्धतीला ट्राएज म्हणतात. नेपोलियनच्या सैन्यातल्या लॅरे नावाच्या सर्जनने हुद्दा न बघता जखमेच्या गांभीर्यावरून क्रम लावायला सुरुवात केली, तिथे तिचं मूळ सांगतात. आज कुठे पाच पातळ्या असतात, तर कुठे दिल्लीच्या एम्ससारखे लाल, पिवळा, हिरवा असे तीन रंग. तुम्हाला हिरवा रंग मिळाला असेल तर ती एका अर्थी चांगलीच बातमी आहे, पण चार तास बाकावर बसलेल्या माणसाला हे ऐकवू नये एवढं आम्ही अनुभवाने शिकलोय. किती वेळ लागेल ते दर अर्ध्या तासाने कोणीतरी येऊन सांगितलं तरी निम्मी भांडणं कमी होतात.

५. रंग चुकीचा लागला तर?

चुकतो. बाहेर थांबलेल्यांकडे पुन्हा पुन्हा नजर टाकणं हा ट्राएजचा अर्धा भाग आहे आणि गर्दीत नेमका तोच गळतो. सगळ्यात जास्त फसवतात ती वयस्कर माणसं आणि मधुमेही. हार्ट अटॅक असूनही छातीत दुखत नाही, नुसता घाम येतो, मळमळतं, ‘जरा गळून गेल्यासारखं वाटतंय’ म्हणतात. रक्तदाबाची काही औषधं नाडीचा वेग वाढूच देत नाहीत, त्यामुळे आतून रक्तस्राव होत असला तरी आकडे सभ्य दिसतात. बसल्या जागी तब्येत बदलली तर नातेवाइकांनी ‘आधीपेक्षा वेगळं काय दिसतंय’ ते सिस्टरना सांगावं. ‘कधीपासून बसलोय’ यापेक्षा त्या वाक्याने लवकर हालचाल होते.

६. ‘गोल्डन अवर’ म्हणजे बरोबर साठ मिनिटं का? एकसष्टाव्या मिनिटाला काय होतं?

काहीच होत नाही. अपघातानंतरच्या पहिल्या तासात उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त, अशा अर्थाचा हा शब्द बाल्टिमोरच्या आर ॲडम्स काउली या सर्जनने रूढ केला. २००१ मध्ये दोन अमेरिकन संशोधकांनी या तासामागचा मूळ अभ्यास शोधायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांना भक्कम आधार सापडला नाही. आपल्या मोटार वाहन कायद्यात मात्र २०१९ च्या दुरुस्तीपासून हा तास व्याख्येसकट बसलाय. लवकर पोचणं चांगलंच, फक्त प्रत्येक आजाराचं घड्याळ वेगळं असतं. पक्षाघातात गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची मुदत सर्वसाधारणपणे साडेचार तासांची, तीही जितकी लवकर तितकी फायद्याची.

रक्तस्रावाचं घड्याळ तर एका चाचणीने जवळपास हातात दिलं. क्रॅश-२ ही चाचणी ४० देशांतल्या २७४ रुग्णालयांत २०,२११ जखमींवर झाली आणि २०१० मध्ये तिचे निष्कर्ष आले. भारतातल्या रुग्णालयांचा तिच्यात मोठा वाटा होता. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे स्वस्त, स्त्रीरोग विभागात वर्षानुवर्षं वापरात असलेलं औषध. ते दिलेल्यांत मृत्यूचं प्रमाण १४.५ टक्के निघालं, न दिलेल्यांत १६ टक्के. पुढच्या विश्लेषणात आणखी एक गोष्ट दिसली: तीन तासांच्या आत दिलं तर फायदा, तीन तासांनंतर दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढले. ‘उशीर झालाय, पण देऊन तर बघू’ हे इथे चालत नाही.

७. १०८ च्या गाडीत कोण असतं?

महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यातल्या २३३ प्रगत उपकरणांच्या आणि ७०४ प्राथमिक सोयींच्या होत्या. आपल्याकडचं वेगळेपण असं की गाडीत डॉक्टर असतो, पुष्कळदा बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेला आणि तातडीच्या सेवेचं वेगळं प्रशिक्षण घेतलेला. गोव्यात १०८ त्याआधीच, २००८ मध्ये आली. फोनवर पत्ता सांगताना गावाच्या नावापाठोपाठ तालुकाही सांगा. एकाच नावाची गावं आपल्याकडे थोडी नाहीत.

८. पोलिस येईपर्यंत डॉक्टर हात लावत नाहीत, हे खरं का? उचलून आणणाऱ्याला अडकवतात का?

सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच सांगून ठेवलंय की जीव वाचवणं आधी आणि कागद नंतर. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरला ते लागू आहे. एमएलसीची नोंद उपचार चालू असताना होते. जखमीला आणणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १३४अ चं संरक्षण आहे. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींना पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची केंद्राची योजनाही आहे. तरी लोक अजून गाडीचा नंबर लिहून घेतील म्हणून दारात जखमीला उतरवून पळतात. गेल्या पावसाळ्यात एका रिक्षावाल्याने असंच केलं आणि पाच मिनिटांनी जखमीची चप्पल द्यायला परत आला.

९. माझ्या वडिलांच्या घशात नळी शिकाऊ डॉक्टरने घातली. मोठे डॉक्टर काय करत होते?

बहुधा शेजारी उभे होते, आणि तसंच असायला हवं. नळी घालण्याचं कौशल्य पुस्तकातून येत नाही. भूल शाखेच्या शिकाऊ डॉक्टरांवर १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्विस अभ्यासात ९० टक्के यश गाठायला सरासरी ५७ वेळा नळी घालावी लागली होती. तीही ऑपरेशन थिएटरच्या शांततेत, उपाशी पोटाच्या पेशंटवर. आमच्याकडचा पेशंट भरल्या पोटाचा, कधी उलटी केलेला, रक्ताने तोंड भरलेला असतो. तेव्हा ‘शिकाऊ नको’ म्हटलं तर दहा वर्षांनी शिकलेला कोणीच नसेल.

मग पेशंटचं काय? इथे संशोधनाने खरोखर मदत केली आहे. २०२३ च्या एका अमेरिकन चाचणीत तातडीच्या विभागांतले आणि आयसीयूतले १,४१७ पेशंट होते आणि बहुतेक नळ्या रेसिडेंट किंवा फेलो, म्हणजे शिकाऊ, डॉक्टरांनीच घातल्या. कॅमेऱ्याच्या लॅरिंगोस्कोपने (घसा दिसावा म्हणून तोंडात घालायच्या उपकरणाने) पहिल्याच प्रयत्नात यश ८५.१ टक्के, साध्या लॅरिंगोस्कोपने ७०.८ टक्के. पडद्यावर शिकवणाऱ्यालाही घसा दिसतो, ‘थोडं वर उचल’ असं वेळेत सांगता येतं. माझ्या शिकण्याच्या काळात एका रुग्णालयात असं यंत्र होतं, पण कपाटात कुलूपबंद. किल्ली असलेली सिस्टर दिवसपाळीची, आणि नळी घालायची वेळ यायची ती हमखास रात्री.

१०. एटीएलएसचं (जखमींवरच्या तातडीच्या उपचारांच्या कोर्सचं) सर्टिफिकेट असलेला डॉक्टर जास्त चांगला का?

फेब्रुवारी १९७६ मध्ये नेब्रास्कात जेम्स स्टायनर या हाडांच्या सर्जनचं विमान शेतात कोसळलं. पत्नी जागीच गेली, मुलं जखमी झाली आणि जवळच्या रुग्णालयात मिळालेली सेवा बघून ते हादरले. त्या अनुभवातून दोन वर्षांत हा कोर्स उभा राहिला. कोर्स चांगला आहे, सगळ्यांना एक भाषा देतो, आम्ही तो करायलाच सांगतो. पण त्यामुळे मृत्यू कमी होतात का, यावर कॉक्रेन समीक्षेला (जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्याला) नियंत्रित चाचण्यांतून काहीच पुरावा मिळाला नव्हता. तीच चाचणी आता भारतातल्या रुग्णालयांत चालू आहे. चार दशकं जगभर शिकवल्या गेलेल्या कोर्सची परीक्षा आपल्याकडे होतेय.

हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याचं (सीपीआरचं) शिक्षण तर तीन ते सहा महिन्यांत विरायला लागतं. म्हणून वर्षातून एकदा मोठा कार्यक्रम करण्यापेक्षा कोपऱ्यात पुतळा ठेवून दर महिन्याला दहा मिनिटं हात चालवलेला बरा. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०.

११. डॉक्टर बोलता बोलता निघून जातात. लक्ष कुठे असतं?

सगळीकडे. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात निरीक्षक डॉक्टरांच्या मागे तीन तास वही घेऊन फिरले. तेवढ्या वेळात एकेका डॉक्टरच्या कामात सरासरी ३१ वेळा व्यत्यय आला. आमच्याकडे मोजलं तर काय निघेल याचा अंदाज न केलेला बरा. महत्त्वाची गोष्ट, उदाहरणार्थ औषधाची ॲलर्जी, कागदावर लिहून द्या.

१२. आल्या आल्या सलाईन का लावत नाही? आम्ही काय पैसे देत नाही का?

सलाईनवर महाराष्ट्राची जी श्रद्धा आहे तिला तोड नाही. बाटली लटकली की उपचार सुरू झाले असं वाटतं, आणि बरेच डॉक्टरही त्याच श्रद्धेत वाढले.

केनिया, युगांडा आणि टांझानियात ३,१४१ आजारी मुलांवर फीस्ट ही चाचणी झाली, निष्कर्ष २०११ मध्ये आले. ताप आणि रक्ताभिसरण मंदावलेली ही मुलं. काहींना भराभर सलाईन किंवा अल्ब्युमिन (रक्तातल्या प्रथिनाचं द्रावण) दिलं, काहींना दिलं नाही. भराभर देणं चांगलं हे पाठ्यपुस्तक सांगत होतं. ४८ तासांत सलाईन दिलेल्यांतली १०.५ टक्के मुलं गेली आणि न दिलेल्यांतली ७.३ टक्के. पुढे झांबियात सेप्सिसच्या (जंतुसंसर्गाने अवयव बिघडू लागलेल्या) मोठ्या माणसांवरही तसंच दिसलं, जास्त द्रव दिलेल्या गटात मृत्यू जास्त. व्हेंटिलेटर आणि आयसीयू हाताशी नसलेल्या जागी हे निष्कर्ष आले, म्हणून आपल्या ग्रामीण रुग्णालयांना ते अधिक लागू पडतात.

अपवादही नीट लक्षात ठेवा. जुलाब-उलट्यांनी कोरडी पडलेली मुलं आणि भाजलेली मुलं त्या चाचणीत घेतलीच नव्हती. गॅस्ट्रोच्या मुलाला पाणी लागतंच. तोंडाने घेत असेल तर ओआरएस, नाहीतर सलाईन.

१३. मग काल शिकवलेलं आज चूक ठरतं. विश्वास कशावर ठेवायचा?

डेट्रॉइटमध्ये २००१ च्या एका अभ्यासात सेप्सिसच्या २६३ पेशंटना एका ठरीव पद्धतीने उपचार दिले. मानेतून नळी, त्यातून ऑक्सिजनचं मोजमाप, आकड्यांबरहुकूम औषधं. मृत्यू ४६.५ टक्क्यांवरून ३०.५ वर आले. जगाने ती पद्धत उचलली. २०१४ आणि २०१५ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि इंग्लंडमधल्या तीन मोठ्या चाचण्यांत त्या पद्धतीचा नेहमीच्या उपचारांहून जास्त फायदा दिसला नाही.

याचा अर्थ पहिला अभ्यास खोटा होता असा आम्ही लावत नाही. मधल्या दशकात ‘नेहमीचे उपचार’च सुधारले होते. सेप्सिस लवकर ओळखायचा, अँटिबायोटिक लवकर द्यायचं, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. नळी गेली, सवय राहिली. म्हणून विद्यार्थ्यांना सांगतो की एका केंद्रावरचा, दोनतीनशे पेशंटचा अभ्यास वाचून आनंद जरूर व्हावा, पण प्रोटोकॉल लगेच बदलू नये.

१४. ईसीजी नॉर्मल आहे तरी सोडत नाहीत. बिल वाढवायला का?

अशी शंका घेण्याची वेळ काही ठिकाणी आली असेल, नाकारत नाही. पण या बाबतीत थांबवणं योग्य आहे. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी पोचल्यापासून दहा मिनिटांत व्हायला हवा, आणि तो नॉर्मल आला तरी अटॅक नाही असं ठरत नाही. रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) चढायला वेळ लागतो. म्हणून काही तासांच्या अंतराने दुसऱ्यांदा तपासतात. फरक दोन आकड्यांमधला बघायचा असतो.

१५. वॉर्डात खाट नाही म्हणून रात्रभर कॅज्युअल्टीतच ठेवलं. उपचार तर चालू होते, मग बिघडलं काय?

बिघडतं. इंग्लंडमध्ये पन्नास लाखांहून अधिक भरती पेशंटच्या नोंदी तपासून २०२२ मध्ये निष्कर्ष आला: वॉर्डात जायला सहा ते आठ तासांपलीकडे उशीर झालेल्या दर ८२ पेशंटमागे ३० दिवसांत एक जास्तीचा मृत्यू. हा दोष कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरचा नसतो. वरच्या वॉर्डात सकाळचा डिस्चार्ज दुपारी चारला होतो, तिथे गाठ बसलेली असते.

१६. बेशुद्ध माणसावर संशोधन करता? संमती कोण देतं?

नातेवाईक असतील तर ते. नसतील आणि एकेक मिनिट मोलाचं असेल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, नैतिकता समितीच्या मंजुरीने, संमती नंतर घेण्याची वाट आहे. शुद्धीवर आलेला माणूस ‘मला यातून काढा’ म्हणू शकतो. इंग्लंड-वेल्समध्ये ८,०१४ जणांवर हृदय बंद पडल्यावर ॲड्रेनॅलिन द्यावं की नाही याची चाचणी झाली. तिथे ज्यांना भाग घ्यायचा नव्हता त्यांना आधीच मनगटात घालायचं कडं मिळायचं. २०१८ चं उत्तर अस्वस्थ करणारं होतं: ३० दिवसांनी जिवंत राहिलेले ३.२ टक्के विरुद्ध २.४ टक्के, पण मेंदू शाबूत राहिलेल्यांत ठळक फरक नाही. असा प्रश्न संमतीची वाट बघत कधीच सुटला नसता.

१७. असलं संशोधन मोठ्या शहरांतच होतं ना?

मुंबईतल्या सायन आणि केईएमसह दिल्ली-कोलकात्यातल्या रुग्णालयांनी २०१३ पासून दोन वर्षं सोळा हजारांच्या आसपास जखमींच्या नोंदी ठेवल्या, तो साठा आजही वापरला जातो. पण आमच्या मते या राज्यातलं सगळ्यात देखणं काम महाडला झालं. कोकणात लाल विंचू चावला की घाम, थंड हातपाय, मग फुप्फुसात पाणी आणि मृत्यू. डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात पेशंटच्या उशाशी बसून हा क्रम टिपला, १९८२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला आणि पुढे रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी गोळी वापरून मृत्यू झपाट्याने खाली आणले. २०११ मध्ये बीएमजे या दुसऱ्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांची ७० पेशंटची चाचणी आली. नुसत्या प्राझोसिनवर दहा तासांत २२.९ टक्के पूर्ण बरे झाले, जोडीला प्रतिविष दिल्यावर ९१.४ टक्के. प्रश्न १३ मधला इशारा इथेही लागू आहे, पेशंट थोडेच होते. पण फरक केवढा!

१८. साप चावलाय, रक्त वीस मिनिटांत गोठलं. म्हणजे विष नाही ना?

रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवून बघायची ही चाचणी घोणस आणि फुरशापुरतंच बोलते, तेही नळी कोरी आणि कोरडी असेल तर. साबणाने धुतलेल्या किंवा प्लास्टिकच्या नळीत उत्तर चुकतं. नाग आणि मण्यार मज्जातंतूंवर घाव घालतात, त्यात रक्त छान गोठतं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूणही सापडत नाही. पहाटे पोट दुखतं म्हणून येतात आणि पापण्या जड झालेल्या असतात. पावसाळ्यात अशा पेशंटला ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवण्याआधी डोळे वर करून छताकडे बघायला सांगा.

१९. आणि लहान मुलाला प्रतिविष निम्मं द्यायचं ना?

नाही, मोठ्याइतकंच. सापाने मुलाचं वजन बघून विष सोडलेलं नसतं.